पॅड वाजत नाही, सॉफ्टवेअर वाजतं : मिडी कंट्रोलरवरून ड्रम्स वाजवायची पहिली तयारी

"ताई, पॅडवर बोट मारलं की दिवा लागतोय, पण आवाज काहीच येत नाहीये."

धाकट्या भावाने मिडी कंट्रोलर (कॉम्प्युटरला जोडून बोटांनी वाजवायच्या रबरी पॅडचं यंत्र) घेतला त्या रात्री त्याचा फोन आला. दीड तास तो एकटाच झटत होता. मी त्याला विचारलं, "आवाज कुठून येणार असं तुला वाटतंय?" तो म्हणाला, "पॅडमधूनच ना?" गाठ इथेच बसली होती, आणि ती सुटल्यावर बाकीचं सगळं अर्ध्या तासात उरकलं. म्हणून हे लिहितानाही सुरुवात तिथूनच करते.

मिडी कंट्रोलरमध्ये आवाज नसतो. त्यात ड्रमचं रेकॉर्डिंग नसतं आणि स्पीकरही नसतो. पॅडवर बोट पडलं की केबलमधून फक्त तीन आकडे जातात. माझ्या पॅडवर स्नेअर (किटमधला तडतडणारा ड्रम) मारला की मिडी मॉनिटरवर, म्हणजे असे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, १५३, ३८, ९७ असं काहीतरी उमटतं. १५३ म्हणजे 'दहाव्या चॅनलवर नोट सुरू' (चॅनल म्हणजे एकाच केबलमधली वेगळी वाट), ३८ म्हणजे कुठली नोट आणि ९७ म्हणजे किती जोरात. या तीन आकड्यांवरून खराखुरा स्नेअर ऐकवायचं काम ड्रम सॉफ्टवेअरचं. दिवा लागला याचा अर्थ पॅडला बोट कळलं, एवढाच.

ही आकड्यांची भाषा म्हणजेच मिडी, आणि ती १९८३ सालची आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६, म्हणजे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर, एका केबलने जोडून दाखवले होते. त्यामागे खपलेले डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं. तुमच्या-माझ्यासाठी याचा अर्थ एवढाच की कुठल्याही कंपनीचा पॅड कुठल्याही ड्रम सॉफ्टवेअरशी बोलू शकतो. नाही बोलला तर वाटेत कुठेतरी आकडा अडकलाय. मग तीन प्रश्न विचारायचे: आकडा निघतोय का? पोचतोय का? आणि जिथे पोचतोय तिथे त्या आकड्याला आवाज लावलेला आहे का? मी पुढे याच क्रमाने जाणार आहे.

आकडा निघतोय का

बहुतेक नवे कंट्रोलर यूएसबीने जोडले की आपोआप ओळखले जातात, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. तरीही पहिली अडचण बऱ्याचदा केबलचीच निघते. काही यूएसबी केबल फक्त चार्जिंगपुरत्या असतात. त्यात वीज नेणाऱ्या तारा असतात, डेटा नेणाऱ्या नसतात. माझ्या पहिल्या पॅडची केबल हरवली होती, म्हणून मी ड्रॉवरमधली एक काळी केबल लावली. दिवे लागले, पॅड मारले की रंग बदलायचे, पण कॉम्प्युटरला काही पत्ताच नव्हता. मी ड्रायव्हर शोधले, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, पॅड बदलून घ्यायचंही मनात आलं. दुसऱ्या दिवशी प्रिंटरची केबल लावली आणि त्याच क्षणी नाव यादीत आलं. तेव्हापासून कुणीही 'दिवे लागतात पण ओळखत नाही' म्हटलं की मी आधी केबल बदलायला सांगते. हब असेल तर तोही मधून काढा आणि थेट कॉम्प्युटरला जोडा.

यानंतर ड्रम सॉफ्टवेअर उघडायची घाई करू नका. आधी मिडी मॉनिटर उघडा. विंडोजवर मिडी-ऑक्स आहे, मॅकवर मिडी मॉनिटर याच नावाचा मोफत प्रोग्राम आहे. यादीतून आपला कंट्रोलर निवडा आणि एकेक पॅड मारत जा. प्रत्येक आघाताला नवी ओळ आली पाहिजे. प्रत्येक पॅडचा नोट नंबर एका कागदावर लिहून ठेवा. चार बाय चार चौकटी आखा आणि पॅड जसे दिसतात तसे आकडे भरा. दहा मिनिटं जातात, पण पुढे हाच कागद सतत लागतो. माझा कागद अजून पॅडच्या खाली चिकटवलेला आहे.

एक सूचना. विंडोजवर बऱ्याचदा एका वेळी एकच प्रोग्राम मिडीचं दार धरून ठेवू शकतो. मॉनिटर उघडाच राहिला तर ड्रम सॉफ्टवेअरला 'डिव्हाइस दुसरीकडे वापरात आहे' अशा अर्थाची तक्रार करावी लागते. तपासून झालं की मॉनिटर बंद करा.

सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं

यात फार वेळ घालवू नका. मॅक असेल तर गॅरेजबँड मोफत मिळतं. नवा सॉफ्टवेअर इन्स्ट्रुमेंट ट्रॅक घ्या, त्यावर एखादं ड्रम किट निवडा, आणि बहुधा पहिल्याच बोटाला आवाज येईल. लिनक्सवर हायड्रोजन हे मोफत आणि मुक्त ड्रम सॉफ्टवेअर चांगलं आहे, ते विंडोज आणि मॅकवरही चालतं. मी स्वतः विंडोजवर रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये एमटी पॉवर ड्रमकिट २ हे मोफत प्लगिन लावून शिकले आणि भावालाही तेच लावून दिलं. रीपर ६० दिवस पूर्ण सोयींसह वापरून पाहता येतं. हे प्लगिन एकाच अकूस्टिक किटचं आहे, त्यामुळे 'कुठला किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) घेऊ' या निवडीत तुम्ही हरवत नाही. मला ही त्याची मोठी जमेची बाजू वाटते. सुरुवातीला शंभर किट हाताशी असली की माणूस वाजवण्याऐवजी ऐकत बसतो.

प्लगिन म्हणजे स्वतः एकटं उभं न राहणारं वाद्य. ते एखाद्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या ट्रॅकवर बसतं. भावाचा दुसरा गोंधळ हाच होता: त्याने प्लगिनची फाइल उतरवून घेतली आणि ती डबल क्लिक करून उघडायला बघत होता. प्लगिन ठरलेल्या फोल्डरमध्ये जाऊन बसलं पाहिजे, मग रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरने प्लगिन नव्याने शोधले पाहिजेत, आणि मग ते यादीत दिसतं.

आकडा पोचतोय का

रीपरचं उदाहरण घेते. बाकीकडे शब्द थोडे बदलतील, टप्पे तेच. प्रेफरन्सेसमध्ये मिडी इनपुटचं पान उघडा. तिथे कंट्रोलरचं नाव दिसेल. ते इनपुट चालू करा. मग नवा ट्रॅक घ्या, त्यावर ड्रमचं प्लगिन लावा. ट्रॅकवरचं लाल रेकॉर्डचं बटण दाबा, म्हणजे ट्रॅक सज्ज झाला. ट्रॅकचं इनपुट 'मिडी' करा, त्यात आपला कंट्रोलर आणि सगळे चॅनल निवडा. शेवटी मॉनिटरिंग चालू करा, म्हणजे रेकॉर्ड न करताही वाजवलेलं ऐकू येईल.

यात चार ठिकाणं आहेत आणि चारही जुळावी लागतात: इनपुट चालू, ट्रॅक सज्ज, इनपुट योग्य, मॉनिटरिंग चालू. आवाज आला नाही तर ट्रॅकवरच्या मीटरकडे बघा. पॅड मारल्यावर मीटर हलत असेल तर आवाज तयार होतोय आणि अडचण पुढे, स्पीकर किंवा हेडफोनच्या निवडीत आहे. मीटर हलत नसेल तर अडचण मागे आहे. प्लगिनच्या चित्रातल्या ड्रमवर माउसने क्लिक करून पाहा. माउसने वाजतंय आणि पॅडने नाही, म्हणजे आकडा पोचत नाही. माउसनेही वाजत नसेल तर पॅडचा यात काहीच दोष नाही. फोनवर भावाला मी हेच करायला लावलं. माउसने क्रॅश ही मोठी झांज वाजली, आणि पाच मिनिटांत कळलं की ट्रॅकचं इनपुट मायक्रोफोनवर होतं.

दोन दिवसांनी त्याचा परत फोन. आता आवाज येत होता, पण 'पत्र्यासारखा'. त्याने फोन हेडफोनला लावून ऐकवलं. किकमधला भरीवपणा गेला होता आणि स्नेअर नळीतून आल्यासारखा वाटत होता. प्रत्येक आघात दोनदा वाजत होता. दोन एकसारखे आवाज काही मिलीसेकंदांच्या फरकाने एकावर एक पडले की काही कंप्रता एकमेकींना खाऊन टाकतात, आणि उरतो तो पोकळ आवाज. त्याचा कंट्रोलर कॉम्प्युटरला दोन मिडी पोर्ट दाखवत होता, त्याने दोन्ही चालू केले होते आणि ट्रॅकला 'सगळे मिडी इनपुट' दिलं होतं. दुसरा पोर्ट बंद केल्यावर किक पुन्हा छातीवर बसला. तुमच्याकडे असं झालं तर ड्रमचा नमुना किंवा हेडफोन बदलण्याआधी थोडं रेकॉर्ड करून पाहा. एका आघाताला दोन नोटा दिसल्या की कारण हातात आलं.

कुठला आकडा कुठला ड्रम

मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे, आणि बहुतेक जण इथेच वैतागून सोडून देतात. पॅड मारला स्नेअर समजून आणि वाजला टॉम, म्हणजे किटमधला दुसराच ड्रम. यात बिघाड काही नाही. पॅड एक आकडा पाठवतोय आणि सॉफ्टवेअरने तो आकडा दुसऱ्या ड्रमला दिलाय.

१९९१ साली जनरल मिडी नावाचा एक ठराव झाला. त्यात ड्रमसाठी दहावा चॅनल ठरला आणि कुठली नोट म्हणजे कुठला ड्रम याची यादी ठरली. त्यातले हे आकडे पाठ झाले की निम्मं काम झालं: ३६ किक, ३७ स्नेअरच्या काठावरचा साइड स्टिक, ३८ स्नेअर, ४२ बंद हाय-हॅट (पायाने उघडमिट होणारी झांजांची जोडी), ४४ पायाने मिटलेली हाय-हॅट, ४६ उघडी हाय-हॅट, ४९ क्रॅश, ५१ राइड ही ठेका धरायची झांज. ४१, ४३, ४५, ४७, ४८ आणि ५० हे टॉम, खालच्या जाड आवाजापासून वरच्या बारीक आवाजाकडे. बहुतेक अकूस्टिक ड्रम प्लगिन हीच यादी किंवा तिच्या जवळपासची यादी धरून चालतात.

आता तुमच्या कागदाकडे बघा. सोळा पॅडचे बरेच कंट्रोलर डाव्या खालच्या कोपऱ्यात ३६ देतात आणि उजवीकडे, मग वरच्या ओळीत, एकेक वाढवत नेतात. तसं असेल तर खालची ओळ ३६, ३७, ३८, ३९. तिच्या वर ४० ते ४३. मग ४४ ते ४७. आणि सगळ्यात वर ४८ ते ५१. यात डावीकडून तिसरा स्तंभ बोटाने खालून वर वाचा: ३८, ४२, ४६. स्नेअर, त्याच्या डोक्यावर बंद हाय-हॅट, तिच्या डोक्यावर उघडी हाय-हॅट. किक डाव्या कोपऱ्यात. म्हणजे काहीही न बदलता डाव्या हाताला किक आणि उजव्या हाताच्या दोन बोटांना स्नेअर-हॅट अशी बैठक आयती मिळते. ही रचना माझ्या लक्षात आली त्या दिवशी मी पॅडकडे न बघता वाजवायला लागले.

पण ही आयती बैठक सगळ्यांना सोसत नाही. स्नेअर आणि हॅट एकाच हाताकडे आले की दोन्ही एकत्र मारताना मनगट आखडतं. माझी आत्ताची मांडणी अशी: खालच्या ओळीत डावीकडून किक, स्नेअर, पुन्हा स्नेअर, पुन्हा किक. त्यावरच्या ओळीत मधले दोन्ही पॅड बंद हाय-हॅट, आणि उजव्या कडेला उघडी. प्रत्येक मुख्य आवाज दोन पॅडवर आहे, म्हणून भरगच्च ठेका दोन्ही हातांत वाटून घेता येतो. चार बाय चारची ही मांडणी अकाईच्या १९८८ च्या एमपीसी ६० या यंत्रापासून रुळली. रॉजर लिन यांनी ते घडवलं होतं, आणि तेव्हापासून बोटांनी ड्रम वाजवणाऱ्यांनी आपापल्या सोयीने पॅड असेच फिरवून घेतलेत.

मांडणी दोन ठिकाणी बदलता येते. एक, कंट्रोलरमध्येच: त्याच्यासोबत येणाऱ्या एडिटर प्रोग्राममध्ये पॅडला नवा नोट नंबर द्यायचा. दोन, ड्रम सॉफ्टवेअरमध्ये: बऱ्याच प्लगिनमध्ये ड्रमवर राइट क्लिक करून 'लर्न' निवडलं आणि पॅड मारला की ते तो आकडा शिकून घेतं. माझा सल्ला कंट्रोलरमध्ये बदलण्याचा आहे. पॅडने प्रमाण आकडे पाठवले तर उद्या प्लगिन बदललं तरी बोटांची सवय तशीच राहते. दोन्हीकडे मात्र बदलू नका. भावाने तसं केलं होतं आणि कुठला बदल कुठे झालाय हे शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

एक फसवी जागा सांगून ठेवते. नोटांची नावं आणि आकडे यांचा मेळ कंपनीगणिक बदलतो. नोट ६० ला काही ठिकाणी सी ३ म्हणतात, काही ठिकाणी सी ४. त्यामुळे ३६ नंबरचा किक एका सॉफ्टवेअरमध्ये सी १ दिसतो आणि दुसऱ्यात सी २. नावावरून जुळवायला गेलात तर बरोबर एक सप्तक चुकतं. नेहमी आकड्यावर विश्वास ठेवा. तसंच पॅडवर ए, बी अशा बँक, म्हणजे आकड्यांचे वेगवेगळे संच, असतात. चुकून बँक बदलली की सगळे आकडे वर सरकतात आणि किकच्या जागी भलतंच काही वाजतं किंवा काहीच वाजत नाही. छोट्या कीबोर्डवर ऑक्टेव्हचं बटण असतं, त्याचाही परिणाम हाच.

हाय-हॅटचं एक शेवटचं. खऱ्या हॅटमध्ये उघडी झांज वाजत असताना पाय दाबला की ती थांबते. अकूस्टिक किटच्या प्लगिनमध्ये हे आपोआप होतं. पण सुटे नमुने भरायचं सॅम्पलर वापरत असाल तर बंद आणि उघड्या हॅटला एकाच चोक ग्रुपमध्ये टाका, म्हणजे एक वाजली की दुसरी थांबते. नाहीतर उघड्या हॅटची सळसळ पुढच्या सगळ्या आघातांवर पसरत राहते आणि ठेका गढूळ होतो.

उशीर

पॅड मारल्यापासून आवाज कानावर पडेपर्यंतचा वेळ म्हणजे लेटन्सी. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने सोडत नाही, छोट्या बादल्या भरून सोडतो. त्या बादलीला बफर म्हणतात. बफरचा आकार सॅम्पलमध्ये, म्हणजे आवाजाच्या बारीक तुकड्यांत, मोजतात; त्याला सॅम्पल रेटने, म्हणजे सेकंदाला किती तुकडे त्याने, भागलं की त्या बादलीपुरता उशीर निघतो. १२८ सॅम्पलचा बफर आणि सेकंदाला ४८,००० सॅम्पल असतील तर सुमारे २.७ मिलीसेकंद. ५१२ चा बफर आणि ४४,१०० असेल तर ११.६. १०२४ असेल तर २३ च्या वर. ड्रायव्हर आणि हार्डवेअर यांचा उशीर यात आणखी मिळतो.

हे आकडे छोटे वाटतात, पण ठेक्याच्या मापाने बघा. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत एका मात्रेचा चौथा भाग १८७.५ मिलीसेकंदांचा असतो. २३ मिलीसेकंद म्हणजे त्याचा आठवा हिस्सा. बोटांना ते लगेच जाणवतं: तुम्ही नकळत थोडं आधी मारायला लागता, आणि मग मेट्रोनोमशी भांडण सुरू होतं. उलट, आवाज हवेतून मीटरभर जायलाच सुमारे ३ मिलीसेकंद घेतो, त्यामुळे पाच-सहा मिलीसेकंदांनी कुणाचं काही अडत नाही.

माझी चाचणी सोपी आहे. हेडफोन एकाच कानाला लावा. बंद हॅटचा पॅड मारा. उघड्या कानाला बोटाचा रबरावर पडलेला 'टप' ऐकू येईल, दुसऱ्या कानाला हॅट. दोन्ही मिळून एकच टिचकी वाटली तर ठीक. 'ट-टप' असं दोन तुकड्यांत ऐकू आलं तर बफर कमी करायला हवा.

विंडोजवर उशिराचं कारण बहुधा नेहमीचा साउंड ड्रायव्हर असतो. तिथे एएसआयओ ड्रायव्हर वापरा. ऑडिओ इंटरफेस असेल तर त्याच्या कंपनीचा, नसेल तर एएसआयओ४ऑल हा मोफत ड्रायव्हर. भावाच्या लॅपटॉपवर एवढ्या एका बदलाने 'ट-टप'चं 'टप' झालं. मॅकवर कोअर ऑडिओ असल्याने वेगळा ड्रायव्हर लागत नाही, बफर तेवढा कमी करायचा. १२८ पासून सुरू करा. आवाजात चटचट ऐकू आली तर कॉम्प्युटरला बादली वेळेत भरता येत नाहीये, २५६ करा. त्याआधी लॅपटॉपला चार्जर लावून बघा, वीज वाचवायच्या मोडमध्ये प्रोसेसर मंद पडतो आणि नेमकी अशीच चटचट होते. वाजवून झाल्यावर मिक्सिंगला बसाल तेव्हा बफर ५१२ किंवा १०२४ केला तरी चालतो.

आणि ब्लूटूथ हेडफोनने ड्रम वाजवू नका. बाकी सगळं कितीही नीट जुळवलं तरी ते स्वतःचा इतका उशीर घालतात की ठेका धरताच येत नाही. वायरचा साधा हेडफोन त्यापेक्षा कितीतरी बरा.

जोर

तिसरा आकडा, म्हणजे व्हेलॉसिटी, १ ते १२७ मध्ये असतो. (० जोराची नोट म्हणजे नोट थांबली असं धरलं जातं.) चांगल्या ड्रम प्लगिनमध्ये एकाच स्नेअरची वेगवेगळ्या जोराची रेकॉर्डिंग असतात. ४० ला काठीचा हलका स्पर्श ऐकू येतो, १२० ला पूर्ण फटका, आणि दोन्हींत फक्त आवाजाची पातळी नाही तर पोतही बदलतो. त्यामुळे तुमचा पॅड प्रत्येक आघाताला ११० च्या वरच पाठवत असेल तर महागडं प्लगिनही टाइपरायटरसारखं वाजेल.

आधी पॅडवर 'फुल लेव्हल' असं बटण आहे का बघा. ते चालू असलं की प्रत्येक आघात १२७ जातो. ते बंद करा. मग मिडी मॉनिटर उघडून दहा आघात हळू, दहा नेहमीसारखे आणि दहा जोरात मारा. मला हळू आघात २५ ते ४५ मध्ये, नेहमीचे ८० ते ९५ मध्ये आणि जोराचे ११५ च्या वर हवे असतात. सगळेच वर अडकत असतील तर सेन्सिटिव्हिटी कमी करा किंवा व्हेलॉसिटी कर्व्ह (बोटाच्या जोरावरून आकडा ठरवायचं सेटिंग) असा निवडा की १२७ गाठायला जास्त जोर लागेल. हळू आघात उमटतच नसतील तर थ्रेशोल्ड, म्हणजे पॅडला जाणवायला लागणारा कमीत कमी जोर, खाली आणा. थ्रेशोल्ड फारच खाली गेला तर शेजारचा पॅड मारल्यावरही हा पॅड बोलतो. तिथून एक पायरी वर या.

हात कसा पडतो त्यानेही आकडे बदलतात. पॅडच्या मधोमध, बोटाच्या टोकाच्या मांसल भागाने मारा आणि बोट लगेच उचला. दाबून धरलं तर बरेच पॅड आफ्टरटच नावाचे दाबाचे आकडे सतत पाठवत राहतात. काही प्लगिन त्या दाबाने क्रॅश थांबवतात, तेव्हा ते उपयोगी आहे. नाहीतर कंट्रोलरमध्ये आफ्टरटच बंद करा, रेकॉर्डिंग स्वच्छ राहतं. पॅडखाली घडी केलेला रुमाल घातला तर टेबलाचा हादराही कमी होतो.

पहिला ठेका

लय ८० ठेवा, एका आवर्तनात चार मात्रा, मेट्रोनोम चालू आणि रेकॉर्ड सुरू होण्याआधी एक आवर्तन मोजणी. पहिल्या फेरीत फक्त किक आणि स्नेअर: किक पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्यावर. चार आवर्तनं. मग ओव्हरडब करून, म्हणजे आधीचं न पुसता, त्यावर बंद हॅट प्रत्येक अर्ध्या मात्रेवर. असं थरांनी रेकॉर्ड करण्यात काही कमीपणा नाही. दोन्ही हातांनी एकदम वाजवणं नंतर आपोआप येतं, आधी कानात ठेका बसू द्या.

रेकॉर्ड झालंय ते आवाज नाही, आकडे आहेत. म्हणून चुकीच्या जागी पडलेला किक उचलून योग्य जागी ठेवता येतो, स्नेअरचा जोर ६० वरून ९० करता येतो, अख्खं किट बदलता येतं. क्वांटाइझ केलं की सगळे आघात जाळीच्या रेषांवर जाऊन बसतात. ते १०० टक्के करू नका. मी ५० ते ६० टक्क्यांवर थांबते: फार घसरलेले आघात जवळ येतात आणि हाताची चाल शाबूत राहते. हॅटच्या जोराकडेही बघा. मात्रेवरचा आघात ९० च्या आसपास आणि मधला ६५ च्या आसपास असला की ठेका डोलायला लागतो. सगळे ९० असले की तो फक्त मोजणी करत राहतो.

भावाने पहिली चार आवर्तनं पाठवली तेव्हा तिसऱ्या आवर्तनात चौथ्या मात्रेच्या जरा आधी स्नेअरचा एक आघात होता, जोर ३१. तो म्हणाला, "चुकून बोट लागलं, काढून टाक." मी तो ठेवला. पुढच्या पूर्ण फटक्याला त्या पुसट आघाताने असा उठाव दिला होता की मुद्दाम बसून आखला असता तरी इतका नेमका पडला नसता. ड्रमर अशा आघाताला घोस्ट नोट म्हणतात.

जपून ठेवणं

कंट्रोलरमध्ये केलेले बदल प्रीसेटमध्ये, म्हणजे मांडणीच्या साठवलेल्या संचात, सेव्ह केल्याशिवाय बऱ्याच यंत्रांत वीज गेली की पुसले जातात. एडिटर प्रोग्राममधून प्रीसेट पॅडमध्ये पाठवा आणि त्याची एक फाइल कॉम्प्युटरवरही ठेवा. मग रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये हा ट्रॅक (प्लगिन, इनपुट, मॉनिटरिंग सगळं जुळलेलं) टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा. कंट्रोलर शक्यतो रोज त्याच यूएसबी पोर्टला लावा. विंडोज कधीकधी पोर्ट बदलला की त्याला नवं यंत्र समजतं आणि इनपुट पुन्हा चालू करावं लागतं. सॉफ्टवेअर उघडण्याआधी पॅड जोडलेला असू द्या, कारण बरेच प्रोग्राम सुरू होतानाच यादी वाचतात.

कागदावर नव्या मांडणीचे आकडे पुन्हा भरून घ्या. जुने खोडू नका, शेजारी लिहा. मला तीनदा जुन्या मांडणीकडे परत जावं लागलंय.